पिवळ्या बोयाचं मौन

“बोलत राहा रे राजा! तू गप्प झालास तर किनारा बहिरा होईल.”

मला समुद्रात सोडताना मलरविळीताई असं म्हणाली होती. माझ्या पोटात यंत्रं बसवली ती तिनंच. तिचा आवाज अजून माझ्या कानात घुमतो.

मित्रांनो, मी एक जुना, पिवळा बोया आहे. नागपट्टणमपासून दूर, खोल पाण्यावर, साखळीला बांधलेला मी नऊ वर्षं डुललो. वारा किती, लाट किती, हवेचा दाब किती, हे तासातासाला मोजायचं आणि डोक्यावरच्या अँटेनातून उपग्रहाला सांगायचं. तो किनाऱ्याला सांगे, किनारा होड्यांना.

माझ्या सावलीला मासे जमत. माशांमागे वैरवन आणि त्याचा धाकटा भाऊ सेल्लमुत्तू येत.

“हा आपला जावईच!” वैरवन हसे. “नुसता बसून असतो, पण उलट आपल्यालाच जेवू घालतो.”

त्या कौतुकानं मी फुगून जाई. आज त्याचीच लाज वाटते.

एकदा वैरवननं होडीची रस्सी थेट माझ्या अँटेनाला बांधली.

“दादा, तिथं नको. बांधू नका असं लिहिलंय त्याच्यावर.”

“मासे वाचतात का ते? गप जाळं सोड.”

लाट उसळली, होडीला हिसका बसला आणि अँटेना कडकन मोडली. वैरवननं तुकडा उचलून फळीखाली सारला. “घरी बोलायचं नाही,” त्यानं भावाला बजावलं.

दुसऱ्याच दिवशी हवेचा दाब भराभर उतरला. वादळ आमच्याकडे वळलं होतं. मी ओरडलो, मित्रांनो. वरून उपग्रह निघून गेला. त्याला काही ऐकूच गेलं नाही. आणि समोरून सेल्लमुत्तूची होडी आली. त्या दिवशी तो एकटा होता. माझ्याच माशांसाठी आला होता. त्याला बुडवणारी लाटही मी मोजली.

आता मी बंदराच्या आवारात पडून आहे. वादळानंच मोडलं याला, असं सगळे म्हणतात. सेल्लमुत्तूची बायको पोन्नी रोज येते, माझ्या गंजक्या अंगावर थापा मारते. “नऊ वर्षं बडबडलास, आणि नेमकी त्याच दिवशी दातखीळ बसली मेल्या?”

मित्रांनो, समुद्रात माझा एखादा भाऊ दिसला तर त्याला रस्सी लावू नका. तो तुमच्याच घरच्यांसाठी बोलत असतो.

आज पोन्नीमागून वैरवन आला. लुंगीच्या ओच्यातून त्यानं फडक्यात गुंडाळलेला तुकडा काढला आणि माझ्या डोक्यावरच्या थोटकाला लावला. तो नेमका बसला.

“याला शिव्या देऊ नकोस, पोन्नी,” तो म्हणाला. “वादळाआधीच मोडला हा. मी मोडला. मुत्तू नको म्हणत होता.”