मापापेक्षा मोठा डाव

मी एक जुना डाव आहे. खेळायचा नव्हे, वाढायचा. सध्या माझा मुक्काम एका विद्यापीठातल्या काचेच्या कपाटात असतो. मला घासून लख्ख करून ठेवलं आहे आणि काम काहीच नाही. बरं वाटतं की वाईट, असं विचाराल तर मित्रांनो, खरं सांगतो, काहीच वाटत नाही.

माझा जन्म भांड्यांच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्यातून कापलं, साच्यात दाबलं, लांब दांडा रिबिटी ठोकून बसवला आणि दिलं पाठवून. मी जाऊन पडलो एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात. रोग्यांच्या सोबतीला राहणाऱ्या नातेवाइकांना तिथे दुपारी फुकट जेवण मिळायचं, पाव आणि डाळ. नियम एकच, माणशी एक डाव, तोही ठरलेल्या मापाचा. लहान मुलांना ताट नव्हतं, कारण मुलांना तिथे राहायची परवानगीच नव्हती. तरी मुलं असायचीच. आईबाप दोघंही इस्पितळात, मग त्यांनी जायचं कुठे?

वाढायला मावशी असायची. तोंडाने भारी फटकळ. "ताट सरळ धरा की, डाळ काय हवेत वाढू?" असं दिवसभर चालायचं. पण ज्याच्या मागे पोर उभं दिसेल त्याच्यासाठी ती मला पार तळाला घालायची आणि काठोकाठ भरून काढायची. त्यात मी मुळातच नियमातल्या मापापेक्षा थोराड होतो. खरेदीच्या घाईत कुणीतरी मोठा डाव उचलून आणला होता, आणि इतक्या वर्षांत कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

मग एक मुलगी आली. अन्न, राजकारण आणि समाज या विषयात ती एम.ए. करत होती. मावशीने तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "जेवणाचाही अभ्यास असतो का गं पोरी?"

"असतो ना. कुणाला किती मिळतं, ते कोण ठरवतं, हे बघायचं."

"कोण ठरवतं म्हणजे? मीच की."

मुलगी हसली. पुढे ती रोज येऊ लागली. ताटं मांडायची, रांगेतल्या लोकांशी बोलायची. स्वेटर घातलेली एक बाई यायची. तिचा नवरा पाठीच्या दुखण्याने खाटेवर पडून होता, आणि सोबत दोन लहान लेकी. माझ्या एका खेपेत त्या तिघी जेवायच्या. मुलगी बऱ्याचदा त्यांच्याजवळ बसायची.

एक दिवस तिने मला पाण्याने भरून मापून घेतलं. डाव नियमाहून मोठा आहे, म्हणून इथली मुलं उपाशी राहत नाहीत, तेव्हा नियमच बदला आणि मुलांनाही ताट द्या, असं तिने प्रबंधात लिहिलं. तिच्या सरांनी तोंडभरून कौतुक केलं. आता नियम बदलणार या आनंदात तिने एक प्रत स्वतः नेऊन इस्पितळाच्या कचेरीत दिली.

कचेरीतल्या साहेबांना सगळं वाचायला सवड कुठली? त्यांनी तेवढं माप वाचलं. लगेच नवा डाव आला, आतून रेघ मारलेला, रेघेपर्यंतच भरायचा. मावशीवर लक्ष ठेवायला एक माणूसही बसवला. मी तिथेच स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याला लटकत राहिलो.

एम.ए.ला पहिली आल्याची बातमी सांगायला मुलगी आली, तेव्हा पंगत बसली होती. स्वेटरवालीने ताट दोन्ही लेकींपुढे सरकवलं. "माझं झालं," म्हणाली आणि पाणी प्यायली. मुलगी बघत उभी राहिली. मग तरातरा कचेरीत गेली आणि हळूहळू परत आली.

"ते म्हणाले, जास्त वाढलं जातं हे तुमच्याच अभ्यासात आहे. मावशी, मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं हो."

"खोटं असतं तर त्यांच्या काय कामाचं होतं, बाई?" मावशी म्हणाली. ती चिडली नव्हती. हात पुसून पुढच्या ताटाकडे वळली.

मुलीने मला मागून घेतलं. आता ती याच विद्यापीठात शिकवते. माझ्याखाली एक पाटी आहे, त्यावर माझं माप लिहिलं आहे. नवे विद्यार्थी येतात आणि ते उतरवून घेतात. ती मात्र कपाटावरून जाताना आत बघत नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, मी पत्र्याचा आहे, टिकेन. पण भुकेल्याच्या ताटात नियमाहून चार घास जास्त पडताना दिसले, तर ते कौतुकाने सांगायलासुद्धा कचेरीत जाऊ नका. त्यांना जेवू द्या.