थोरल्या दिरांना निरोप

यंदा उन्हानं घात केला. परवा पिकायचे ते जर्दाळू आजच पिकणार हे कालच दिसलं आणि आइझिरेकच्या शब्दावर अख्ख्या गावानं सकाळपासून झाडं रिकामी केली. आता पॉप्लरच्या तुटपुंज्या सावलीत पेट्यांची रास लागली होती, ऊन चढत होतं आणि फळं गार ठेवून शहरात नेणाऱ्या थंड गाडीचा पत्ता नव्हता.

तोडणी कधी, कुणाची बाग आधी, हे गावासाठी आइझिरेक ठरवायची. गाड्या बघायचे तिचे थोरले दीर, सागिनबेक. दोघं एकाच घरात राहायचे, एकाच दस्तरखानावर जेवायचे. पण सुनेनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही अशी रीत. ती नुसती मान लववायची आणि निरोप जायचा सासूबाईंच्या तोंडून. रीत बरी की वाईट ते राहू द्या. जर्दाळूला ती कळत नाही एवढं खरं.

शेजारची विधवा सैकल पेटीतलं फळ दाबून बघत होती.

"अगं बाई, हे आत्ताच मऊ पडलं! संध्याकाळपर्यंत मुरंबा होईल याचा. तुझ्या भरवशावर सगळी बाग उतरवली गं मी. वर्षाचं पीक आहे."

"येईल गाडी, सैकलअपा," आइझिरेक म्हणाली. ती तडक घरात गेली. सासूबाई समोवारपाशी बसल्या होत्या.

"आई, काल भाऊजींना सांगितलंत ना, गाडी आज दुपारच्या आत हवी म्हणून?"

"सांगितलं की."

"नक्की काय सांगितलंत?"

सासूबाईंचा चहा ओतणारा हात थांबला. "म्हटलं, सवड झाली की एक चक्कर टाक. सुनेनं थोरल्याला हुकूम सोडला असं दिसायला नको. तुझीच लाज राखली मी."

"मग गाडी कुठंय?"

"तो गाडी घेऊन वरच्या कुरणात गेलाय. मामाच्या वर्षश्राद्धाचे लोकरी तंबू पोचवायला."

"लावा ना फोन त्यांना!"

"आत्ता? चारचौघांत उभा असेल तो. संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी बोलून काय चाटायचंय? सैकलला तोंड कसं दाखवायचं? पुढच्या वर्षी आपल्या शब्दावर फांदीला हात तरी कोण लावेल? नवरा रशियात कामाला, त्याचा फोन लागेना. शेवटी तिनं स्वतःच दिरांचा नंबर फिरवला.

"हां, कोण?"

"गाडी... गाडी आणा लवकर. जर्दाळू उतरलेत. सगळ्या गावाचे."

"अहो, पण बोलतंय कोण?"

एका छपराखाली राहणाऱ्या माणसाला तिचा आवाज ओळखता येत नव्हता. तिचे कान तापले. लाजेनं, आणि खरं सांगायचं तर रागानंही.

"आइझिरेक. तुमच्या धाकट्या भावाची बायको."

पलीकडून, फोन लांब धरून कुणावर तरी ओरडणं ऐकू आलं, "अरे, उतरवा ते तंबू! आत्ताच्या आत्ता!" आणि मग अगदी अवघडलेला आवाज: "पेट्यांवर ओली पोती टाका. मी निघतो. कुठली बाग आधी भरायची?"

सासूबाईंनी हात पुढे केला. "दे इकडे. मी सांगते त्याला."

आइझिरेकनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सैकलअपांची आधी," ती म्हणाली. "आणि भाऊजी, गाडी आतून गार करतच आणा."