एकोणीस तासांचा तक्ता

या, जरा पुढे सरकून बसा. एका बाईंची गोष्ट सांगतो. फार मोठी नाही, एका आठवड्याची आणि एका कागदाची.

या बाई चौथीला गणित शिकवायच्या. अकरा वर्षं तासावर होत्या, म्हणजे वर्गात जेवढं उभं राहायचं तेवढ्याचेच पैसे. शाळेला सुट्टी लागली की पैशांनाही सुट्टी. त्यात घर भागेना, म्हणून शाळा सुटल्यावर त्या खासगी शिकवणीत आणखी दोन तास बोलायच्या. बोलून बोलून घसा पार खरवडून निघाला होता. डॉक्टरांनी बजावलं, बोलणं निम्म्यावर आणा, नाहीतर आवाज कायमचा जाईल. बाईंनी मान डोलावली आणि दवाखान्यातून तशाच शिकवणीला गेल्या.

अशात शाळेच्या संस्थेनं एक तक्ता वाटला. तासावरच्या प्रत्येकानं आठवडाभरात केलेलं काम त्यात लिहायचं. शिकवणं, वह्या तपासणं, पालकांना भेटणं, सगळं. तीस तास भरले तर पूर्ण पगार. बाईंच्या यजमानांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. ते म्हणाले, तीस तर तुझे बुधवारीच भरतील. सोड ती शिकवणी आणि संध्याकाळी गप्प बस, मलाही जरा शांतता मिळेल. बाई हसल्या आणि त्या हसण्याचाच त्यांना ठसका लागला.

शनिवारी सगळ्यांचे तक्ते कारकुनाच्या टेबलावर आले. त्यांना शाळेत सगळे दादा म्हणत. खेळाच्या सरांनी शिट्टी शोधण्यात गेलेली पंधरा मिनिटंही मांडली होती. बाईंच्या तक्त्याची दादांनी बेरीज केली, चष्मा पुसला, पुन्हा केली. एकोणीस.

त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. आठवड्याला चोवीस तास तर नुसते वर्गावरचेच, मग पाच गेले कुठे, असं विचारलं. बाईंनी बोट ठेवून दाखवलं. सोमवारी भागाकार शिकवला, मुलांना कळला नाही. मंगळवारी पुन्हा शिकवला, निम्म्यांना कळला नाही. असे पाच तास त्यांनी स्वतःच खोडले होते. वह्यांचा रकाना तर कोराच. बाई म्हणाल्या, वह्या काय, स्वयंपाक करता करता तपासते, त्याचं काय लिहायचं?

"मुलांना कळलंच नाही, तर शिकवलं असं कुठल्या तोंडानं लिहू, दादा?"

"बाई, या हिशेबानं आपल्या साहेबांचा पगार काढला तर त्यांनाच संस्थेला पैसे भरावे लागतील."

बाई हसल्या नाहीत. दादांनी खणातून कोरा तक्ता काढला. तो पुढे सरकवण्याआधी त्यांनी विचारलं, "पेपर तपासताना एखाद्या पोरीची रीत बरोबर आहे आणि उत्तर चुकलंय, तर शून्य देता?"

"छे. रीतीचे मार्क देते."

"मग?"

बाईंनी तो कोरा तक्ता आपल्याकडे ओढला. मग स्टुलावर बसल्या आणि लिहू लागल्या. सोमवारचा भागाकार लिहिला. मंगळवारचा लिहिला. वह्या, पेपर, फाटकापाशी उभ्या-उभ्या गाठणाऱ्या आया, आजारी पोरीच्या घरी गेलेली दुपार.  बेरीज त्रेचाळीस झाली.

बाईंना आनंद होईल असं दादांना वाटलं होतं. पण त्या नुसत्याच बसून राहिल्या. अकरा वर्षांचा शिणवटा एकदमच अंगात उतरला असावा. शिकवणीची वेळ टळून गेली, तरी त्यांना स्टुलावरून उठवेना. दादांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि आपल्या कामाला लागले.

पूर्ण पगार मंजूर झाला, देवाची कृपा. पण तो लागू होणार होता पुढच्या वर्षापासून. मागच्या अकरा वर्षांबद्दल मंजुरीच्या कागदात एक ओळही नव्हती. तोवर पाच महिने शिकवणी चालूच ठेवावी लागली आणि त्या पाच महिन्यांत आवाज बसला तो कायमचाच. आता बाई फळ्यावर जास्त लिहितात आणि अगदी हळू बोलतात. मुलं पुढच्या बाकांवर दाटीवाटीनं बसून ऐकतात. परवा भागाकार पुन्हा एकदा शिकवला म्हणे.

उद्या सकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपलं मागणं मागून झालं की त्या बाईंच्या घशाची तेवढी आठवण ठेवा.