अर्धा वळसा मागे

संपात गिरणी गेली, तेव्हा सुताला खळ देण्याच्या खात्यातून सहदेव बाहेर पडला तो एकच विद्या घेऊन: दाट लगद्याशी कसं वागावं. अंधेरीच्या एमआयडीसीत ती कामी आली. तिथल्या एका कारखान्यात गॅरेजवाल्यांची घासायची पेस्ट ट्यूबांत भरत. तेल नावाला, बाकी सगळा दगडाचा बारीक चूर. हातमशीनचं हँडल फिरवलं की ती बोटभर जाडीच्या नळीतून उतरायची. पण जोर लावला की चुराचे कण खांद्याला खांदा लावून असे अडायचे की विचारू नका. एकदा फिटरने नळीवर हातोडा हाणला, तर तो उसळून पलीकडच्या गल्लीत चहाच्या कपात पडला, आणि कपाला तडासुद्धा गेला नाही.

सहदेव मात्र हळू फिरवी. हाताला जड लागलं की अर्धा वळसा मागे घेई, थांबे. कण सैल पडत, पेस्ट चालू लागे. ही खुबी त्याने एकालाच दाखवली. कुंडलिकला. गाववाला, सहदेवनेच कामाला चिकटवलेला, त्याच्याच खोलीत झोपणारा.

"जोर नको करू, मेल्या. मारलंस तर अडतली, गोंजारलंस तर चलतली."

"कोणाक सांगूचंय नाय, दादा. आवशीची शपथ!"

मग शेटने जाहीर केलं, की दिवसभर मशीन न अडवता चालवील तो फोरमन, आणि नोकरीही कायम. दोन वर्षं बदली कामगार म्हणून काढलेला सहदेव त्या सकाळी नवा सदरा घालून पोचला. तर कुंडलिक आधीच हँडलला लागलेला, शेट शेजारी.

"बघ सहदेव, काय डोकं चालवलंय याने! अर्धा वळसा मागे!"

कुंडलिकने वर बघितलंच नाही.

दुपारी शेट घड्याळ बघू लागला. "जल्दी कर ना, फोरमन!" कुंडलिकने जोर लावला आणि नळीचा दगड झाला. चार जण हँडलला लोंबकळले, तरी ढिम्म. सहदेवला राहवेना. त्याने सगळ्यांना हटवलं, हँडल मागे घेतलं, विडीचे दोन झुरके होतील एवढा थांबला, आणि दोन बोटांनी पुढे लोटलं. पेस्ट निमूट उतरली.

"वा कुंडलिक! हेल्परपण झकास तयार केलास!"

सहदेवने कुंडलिककडे पाहिलं. त्याचा एक शब्द पुरला असता. कुंडलिक पुसलेलीच नळी पुन्हा पुसत राहिला.

सहदेवने हात धुतले. सकाळपर्यंत ज्याला मेल्या म्हणायचा, त्याला म्हणाला, "फोरमनसाहेब, संध्याकाळी खोलीतली तुमची ट्रंक उचला."