फुरशावरची मुळी

त्या मुळीचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की कुणीतरी ते लक्षात ठेवेल आणि वेळ आली की दवाखान्याऐवजी रानात धावेल. नाव सोडून बाकी सगळं सांगते.

माझे बाबा, शिवा भुवड, मागच्या ऑक्टोबरात सड्यावर गवत कापत होते. आमचं गाव सावर्ड्यापासून चौदा किलोमीटर आत. गावाच्या वर कातळाचा सडा आहे, तिथलं गवत कापून गुरांसाठी साठवतात. सकाळी नऊच्या सुमारास बाबांनी गवताची पेंडी उचलायला पाय पुढे टाकला आणि पेंडीखालचं फुरसं पायाच्या बोटांना चावलं. दीड वीत लांबीचा साप. बाबांनी त्याला ओळखलं, विळा तिथेच टाकला आणि लंगडत घरी आले.

मी तेव्हा चिपळुणात होते. डी. फार्म करून तिथल्या एका औषधाच्या दुकानात काम करते. आईने, सोनूबाईने, मला फोन केला नाही. तिने गुरुप्रसादला केला.

गुरुप्रसाद माझा चुलतभाऊ, थोरल्या काकांचा मुलगा. मुंबईत कुरिअरच्या ऑफिसात होता. लॉकडाऊनमध्ये गावी आला तो परत गेलाच नाही. सावर्ड्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि 'रानातला वैद्य' नावाचं पेज काढलं. केस गळणं, मुतखडा, मधुमेह, सगळ्यावर त्याच्याकडे एकेक पाला. साठ हजार लोक ते पेज बघतात. गळ्यात उपरणं, मागे आमच्याच परसातला फणस, आणि बोलणं इतकं गोड की आई म्हणायची, "गुरूनं नाव काढलान आपल्या घराचा."

जुलैत त्याने फुरशावरच्या मुळीचा व्हिडिओ टाकला. मुळी उगाळायची, जखमेवर लावायची, अर्धी वाटी पाजायची, विष उतरतं. आमच्या 'भुवड परिवार' ग्रुपवर एकसष्ट जण आहेत. त्या व्हिडिओखाली अठ्ठावीस अंगठे होते. त्यातला एक माझा. मी तो उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. भावाने टाकलाय, अंगठा द्यायचा, एवढंच. सापाच्या विषावर कोणतं औषध असतं हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि मी तो बरोबर सोडवला होता. तरी अंगठा दिला.

आईने फोन केला तेव्हा गुरुप्रसाद दुकानात होता. तो म्हणाला, "काकू, घाबरू नको. काकांना अजिबात हलवू नको, धावपळीनं विष चढतं. व्हिडिओत दाखवलंय तशी मुळी आण."

आई दीड तास रानात मुळी शोधत होती. बाबा पडवीत एकटे बसून होते. पाय गुडघ्यापर्यंत सुजला. तिने मुळी उगाळून लावली, पाजली आणि विष उतरायची वाट बघत बसली. मला कशाला सांगायचं, पोर घाबरेल, कामावरून धावत येईल, असं तिला वाटलं. दोन वाजता बाबांनी चूळ भरली ती लाल आली. हिरड्यांतून रक्त येत होतं. तेव्हा तिने मला फोन लावला.

"बाय, मुळी लावलेय पण रगात थांबत नाय."

"कसली मुळी? काय झालंय?"

तिने सांगितलं. मी काउंटरवर उभी होते, समोर गिऱ्हाईक होतं. मी आईवर इतकी ओरडले की मालक आतून बाहेर आले. आयुष्यात आईवर तशी ओरडले नव्हते. नको त्या माणसावर ओरडले, हे नंतर कळलं.

शेजारच्या रिक्षातून बाबांना सावर्ड्याजवळच्या मोठ्या इस्पितळात आणलं. मी चिपळुणाहून थेट तिथे पोचले. नर्सने काचेच्या नळीत बाबांचं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी ती आडवी केली. रक्त गोठायला हवं होतं. ते पाण्यासारखं वाहिलं.

"साप चावून किती वेळ झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नऊ वाजता चावला," मी म्हटलं.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेतीन वाजले होते. "साडेसहा तास काय करत होतात?"

आई म्हणाली, "साहेब, मुळी लावली." डॉक्टर नर्सकडे वळले. ते आम्हाला रागावले असते तर बरं झालं असतं.

विषावरची इंजेक्शनं सुरू झाली, पण मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. आतून रक्त जात होतं. बाबांचा रक्तगट बी निगेटिव्ह, तो लवकर मिळत नाही. ज्या फोनवरून अंगठा दिला होता त्याच फोनवर मी मेसेज लिहिला: नाव, रक्तगट, इस्पितळ, माझा नंबर. सगळ्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन माणसं उभी होती. त्यातला एक रावजी, बुरोंडीचा खलाशी. बोट बंदरात होती म्हणून मोटारसायकल काढून तीन तासांनी पोचला. ना ओळख ना पाळख. रक्त दिलं, चहा घेतला आणि म्हणाला, "तुमचा मेसेज मला चार जागांवरून आला. म्हटलं, एवढा फिरतोय तर खरा असेल."

त्याने ते चांगल्या मनाने म्हटलं. मला मात्र तो व्हिडिओ आठवला. एवढा फिरतोय तर खरा असेल! आईनेही हेच मानलं होतं.

बाबा एकोणीस दिवस इस्पितळात होते. चार वेळा डायलिसिस झालं. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली, ती कापावी लागली. ते वाचले. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं ऐकताना लोक म्हणतात, "वाचले ना? मग आता कशाला भांडतेस?"

बाबांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी इस्पितळाची फाईल घेऊन गुरुप्रसादच्या दुकानात गेले. दोन-तीन गिऱ्हाइकं होती. तो गोल दिव्यासमोर बसून नवा व्हिडिओ करत होता. सांधेदुखीवर काहीतरी होतं. मला बघून त्याने दिवा बंद केला.

"ये वेदू. काका कसे आहेत? मी येणारच होतो."

"एकोणीस दिवसांत आला नाहीस."

"इथे एकटा असतो गो. दुकान कुणावर टाकू?"

"तो व्हिडिओ अजून आहे पेजवर."

त्याने खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "बघ, मी डॉक्टरकडे जाऊ नका असं कुठे म्हटलंय? आणि कितीतरी लोकांना गुण आलाय. कमेंट वाच."

"फुरसं दर वेळी विष सोडतंच असं नाही दादा. ज्यांच्या अंगात विष गेलंच नव्हतं, ते गुण आला म्हणून लिहितात. ज्यांच्या गेलं, ते कमेंट लिहायला उरतात का?"

"आता तू शिकलेली. आम्ही आपले गावठी."

"गावठीपणाचं पांघरूण घेऊ नको. आईला फोनवर काय सांगितलंस? काकांना हलवू नको. कुणी सांगितलं तुला हे? कुठे वाचलंस?"

मी फाईल उघडून त्याच्या समोर धरली. "वाच. मोठ्याने. व्हिडिओत बोलतोस तसं वाच."

"वेदू, गिऱ्हाइकं आहेत."

"म्हणूनच."

त्याने वाचलं. इंग्रजी शब्दांशी अडखळत वाचलं. मूत्रपिंड निकामी, असं लिहिलं होतं तिथे तो थांबला. मी बोट ठेवून पुढचं वाचायला लावलं. दोन बोटं कापली, तिथपर्यंत. एक गिऱ्हाईक आपला फोन न घेताच बाहेर गेलं. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. आणखी दहा पानं असती तर तीही वाचायला लावली असती.

त्या संध्याकाळी त्याने पेजवरून व्हिडिओ काढून टाकला. चार दिवसांनी मोसंबी घेऊन घरी आला, बाबांच्या पाया पडला आणि रडला. बाबा म्हणाले, "ऱ्हवूं दे रे. तुज्या मनात काय वाईट नव्हता." मग आतल्या दिशेने, "चाय टाक गो, पोरगा आलाय."

आईने चहा टाकला. मी चप्पल घातली आणि सड्यापर्यंत चालत गेले. माझ्या बापाच्या पायाला बँडेज, आणि माफी मिळायला एक कप चहा पुरला. बाबांच्या मोठेपणाचा मला त्या दिवशी मनापासून राग आला. अजून पुरता गेलेला नाही.

व्हिडिओ काढला, पण तो मेला कुठे होता? लोकांनी आधीच उतरवून घेतला होता. कुणी त्यावर बासरी लावली होती. कुणी गुरुप्रसादचा आवाज काढून हिंदी घातलं होतं. एका ठिकाणी तर ही मुळी एकशेपाच वर्षांच्या वैद्याने मरताना सांगितली, असं लिहिलं होतं. मी स्वतः एक व्हिडिओ केला. फाईल दाखवली, काचेच्या नळीची गोष्ट सांगितली. तीनशे चाळीस लोकांनी बघितला. खाली कुणीतरी लिहिलं, "औषधाच्या दुकानात कामाला आहे, आणखी काय बोलणार?" परिवार ग्रुपवर एका आत्याने लिहिलं की घरातली धुणी चव्हाट्यावर धुवू नयेत. मी उत्तर दिलं. संध्याकाळी मला ग्रुपवरून काढलं होतं.

मग मी एकच काम धरलं. रोज दुकान सुटलं की त्या व्हिडिओच्या नकला शोधायच्या आणि प्रत्येकीखाली लिहायचं: 'या मुळीने विष उतरत नाही. माझ्या बाबांचा जीव जाता जाता वाचला. साप चावला की लगेच सरकारी दवाखान्यात जा. शंका असेल तर मला फोन करा.' खाली नंबर. फोन यायचे. निम्मे शिव्या द्यायला. काही जण अजून विचारायचे, "बी निगेटिव्ह रक्त हवंय ना?" बाबा घरी येऊन महिने झाले तरी तो मेसेज फिरतच होता. त्या भल्या माणसांना मी नको सांगायचे आणि पुढे पाठवू नका म्हणून विनवायचे.

यंदा मे महिन्यात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे एक तरुण होता, श्वास लागलेला. नाव दर्शन, गाव गुहागरकडचं. त्याच्या बायकोला, ईशाला, काजूच्या बिया गोळा करताना पायाला फुरसं चावलं होतं.

"व्हिडिओखाली तुमचा नंबर बघितला. ही मुळी चालत नाय का?"

"किती वेळ झाला चावून?"

"अर्धा तास. आई मुळी उगाळतेय. बोलते, आधी ही लावूया, मग बघू."

"मग बघू नाही! गाडी काढा. आत्ता!"

"ताई, रागावू नका..."

"रागावणार. फोन आईकडे द्या."

पलीकडे कुजबुज झाली. मग एक खणखणीत आवाज आला. "मी आनंदीबाई. तू कोन गो आमाला शिकवणारी?"

"मी कुणी नाही. माझ्या आईने हीच मुळी उगाळली होती, आजी. साडेसहा तास. माझ्या बाबांची दोन बोटं कापली, आणि आई अजून रोज त्यांच्या पायाकडे बघून रडते. तुम्हाला तसं बसायचंय का सुनेजवळ?"

मग आनंदीबाईंचा आवाज, माझ्याशी नव्हे, मुलाशी: "अरे उबा काय ऱ्हायलायस? गाडी काढ!"

मी दर्शनला सांगितलं, पाय हलवू देऊ नका, काही बांधू नका, कापू नका, तिला चालवू नका, उचलून न्या. दवाखान्यात सापाच्या विषावरची लस आहे का ते आधी फोन करून विचारा. पाऊण तासात ते पोचले. रात्री त्याचा फोन आला. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले होते. ईशाने भाताची पेज प्यायली होती.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याच्या आधी दुसरंच तोंडात आलं. "व्हिडिओ कुणी पाठवला होता तुम्हाला?"

"आमच्या वाडीच्या ग्रुपवर आलेला. मार्चमधे."

"किती जण आहेत ग्रुपवर?"

"दोनशेच्या वर."

"अजून आहे तिथे?"

"असेल."

"मग तो काढायला सांगा. आत्ता. मी फोन धरून थांबते."

तो घुटमळला. "ॲडमिन ठाण्याला असतात ताई. मोठे आहेत आमच्यापेक्षा. त्यांना कसं सांगायचं? आणि आज ईशा वाचली, उगाच वाद..."

"त्यांचं नाव काय?"

त्याने नाव सांगितलं. मी कागद ओढला.

"नंबर द्या," मी म्हटलं. "मी सांगते त्यांना."