वज्रकडं आणि कुंकवाची बोटं

"डोळे मिटायचे ते देवापुढं, भागू. माणसापुढं हात जोड, पर डोळे उघडे ठेवून."

भागूबाईंच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, हे बोलल्या तेव्हा त्या खाटेवर आडव्या होत्या. न्हाणीत पाय घसरला होता. पडणं तसं साधंच, पण खुबा मोडला आणि त्या पुन्हा चालल्या नाहीत. घरच्यांनी एक ताईतवाला आणला होता. तो मंत्र म्हणत असताना मोठ्या सुनेनं डोळे मिटलेले पाहून आत्याबाईंनी हा उपदेश केला, तोही त्याच्यासमोर. त्यानं चहा अर्धाच घेतला.

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आत्याबाई गेल्या, भागूबाई पंचावन्नच्या झाल्या. रोज पहाटे मारुतीला पाणी, संध्याकाळी दिवा, सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी; आठवड्यातले जेवायचे वार शोधावे लागत. आवाज इतका हळू, की भाजीवालीला भाव दोनदा विचारावा लागे, कारण एकदा विचारलेला तिला ऐकूच जात नसे.

यंदा काष्टीच्या बाजारात अस्थिनाथ महाराजांचा मांडव पडला. बाजारात माणूस एरवी गाय बघायला गर्दी करतो. त्या दिवशी गाई एकट्याच उभ्या होत्या. मांडवावर फलक होता: 'कंबर, गुडघा, मणका. एका कड्यात मुक्ती.'

भागूबाईंची धाकटी जाऊ लंकाबाई पुढं जाऊन बसली होती. महाराजांनी तिलाच बोलावलं.

"या माउली. हात आडवा धरा. अस्सा."

लंकाबाईनं हात धरला. महाराजांनी दोन बोटं टेकवली. हात खाली पडला.

"अरेरे!" महाराजांनी कपाळाला हात लावला. "हाडं न्हाईत ही, बोरूच्या काड्या हायेत! आतून पोकळ! वारा शिरलाय वारा! माउली, तुमची बासरी झालीय."

"अगं बया!" बायका म्हणाल्या.

महाराजांनी लोखंडाचं एक काळं कडं तिच्या हातात चढवलं. डोळे फिरवले, काहीतरी पुटपुटले, आणि ओरडले, "आता लावा जोर!" पुन्हा दोन बोटं. हात जागचा हलला नाही. महाराज दाबून दाबून लाल झाले. हात तसाच, तुळईसारखा.

"वज्र! इंद्राच्या हातातलं वज्र हे!"

"इंद्राला बी कंबरदुखी हुती का?" मागून बानू म्हणाली. बानूचं बाजारात बांगड्यांचं दुकान. भागूबाईंची ती लहानपणापासूनची मैत्रीण, आणि त्यांना जेवढा आवाज कमी, तेवढा हिला जास्त. "माझ्या बांगड्यांनी कधी कुणाचं हाड जुळलं न्हाई. म्हणून तर गिऱ्हाईक न्हाई."

बायकांनी तिच्याकडं रागानं पाहिलं. महाराज क्षमाशील होते. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की कडं काढायचं नाही, गोळ्या घ्यायच्या नाहीत, आणि यंत्राखाली तर मुळीच जायचं नाही, कारण यंत्राच्या किरणांनी हाडांचं तेज उडतं.

भागूबाईंनी मान वर केली ती इथं. परवा लंकाबाईला नगरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं होतं, हाडांची घनता मोजायला. लंकाबाई सेहेचाळीस वर्षांची. तेहेतिसाव्या वर्षीच तिची पिशवी काढलेली. गेल्या साली अंगणात पाय सरकला आणि हात टेकला, तर मनगट मोडलं. आरोग्य केंद्रातल्या निकिता डॉक्टर म्हणाल्या होत्या, "मावशी, ही दोन कारणं पुरेत. थांबू नका." लंकाबाईला तयार करायला भागूबाईंना महिना लागला होता. महाराजांना एक मिनिट लागलं.

घरी आल्यावर लंकाबाई म्हणाली, "झालं की बाई. तपासलं बी आन बरं बी केलं, एकाच फेरीत. नगरला कशाला जायचं आता?" आणि दाखवायला म्हणून तिनं गव्हाचं अर्धं पोतं उचललं.

"लंके, ठेव खाली."

"वज्र हाय बाई!"

भागूबाईंना आत्याबाईंची खाट दिसली. त्यांनी देवापुढं दिवा लावला. महाराजांवर संशय घेतला म्हणून मारुतीची क्षमा मागितली, आणि लगेच पुन्हा संशय घेतला. दुसऱ्या वेळी महाराजांची बोटं जरा वर सरकली होती का? गर्दीत नीट दिसलं नव्हतं.

"बाई, ह्या पातेल्यावर बी तुमची बोटं!" स्वयंपाकघरातून लंकाबाई हसत ओरडली. पूजा झाली की भागूबाईंच्या कुंकवाच्या बोटांचे ठसे घरभर उठत. दारावर, तांब्यावर, दुधाच्या पातेल्यावर. "तुमी चोरी केली तर लगीच सापडाल!"

भागूबाई आपल्या बोटांकडं बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या ताट घेऊन मांडवात गेल्या. ताटात निरांजन, फुलं, आणि तेलात कालवलेलं भरपूर कुंकू. बानू सोबत होती, आणि कडं मिरवत लंकाबाईही. निकिता डॉक्टरांना त्यांनी सांगितलं होतं, "तुमी नुसत्या हुभ्या ऱ्हावा."

"महाराज," भागूबाई म्हणाल्या.

महाराजांना ऐकू आलं नाही.

"महाराज!" बानू म्हणाली. मांडव हलला.

"सगळी शक्ती ह्या बोटांत हाय म्हणत्यात. पूजा करू द्या बोटांची."

महाराजांच्या पायांची पूजा पुष्कळांनी केली होती, बोटांची कुणी केली नसावी. ते फार सुखावले. त्यांनी दोन्ही बोटं पुढं केली. भागूबाईंनी सढळ हातानं कुंकू माखलं, फूल वाहिलं, ओवाळलं आणि बाजूला बसल्या.

मग महाराजांचं काम सुरू झालं. बाया येत होत्या, पोकळ निघत होत्या, कडं चढत होतं, वज्र होत होत्या. सहा-सात बाया झाल्यावर भागूबाई हळूच काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणती गं ती?" कुणीतरी विचारलं.

"ती म्हणती," बानूनं सांगितलं, "आपापले हात बघा!"

कडं घातलेल्या बायकांनी हात बघितले. प्रत्येकीच्या मनगटावर एक लाल ठसा. आणि दुसरा कोपराच्या वर, दंडावर. मनगटावर दाबलं तेव्हा हात पडला होता. दंडावर दाबलं तेव्हा हलला नव्हता.

बायका एकमेकींचे हात धरून ठसे जुळवू लागल्या. महाराजांनी आपल्या बोटांकडं पाहिलं, बहुतेक सकाळपासून पहिल्यांदाच.

"ही शक्तीची वाट हाय," ते म्हणाले. "मनगटातून शिरली, दंडात गेली."

दोन-तीन बायकांनी मान डोलावली. बानू म्हणाली, "शक्ती जाईना का. तुमची बोटं तिच्या मागं कशाला पळाली?"

आता डॉक्टर पुढं आल्या. "हापसा मारता ना सगळ्या? दांडा टोकाला न धरता पार मधे धरला तर?"

"मग पानी येतं व्हय? बेंबी सरकती," एक म्हातारी म्हणाली.

"तेच हे. टोकाला दाबलं तर दोन बोटांनी हात पडतो, खांद्याजवळ दाबलं तर पैलवानालाही पाडता येत नाही. शिवाय पहिल्या वेळी हे न सांगता दाबतात, दुसऱ्या वेळी 'जोर लावा' म्हणून ओरडतात. महाराज, आता कडं घालून मनगटावर दाबा बरं."

महाराजांची ध्यानाची वेळ झाली होती.

मग डॉक्टरांनीच लंकाबाईला उभं केलं. कडं हातात, बोटं मनगटावर: हात पडला. कडं काढलं, "जोर लावा" म्हटलं, बोटं दंडावर: हात ताठ.

"कडं काढल्यावर वज्र झालं गं!" बानू म्हणाली, आणि बायका पहिल्यांदा हसल्या.

"आणि हा सगळा स्नायूंचा खेळ," डॉक्टर म्हणाल्या. "हाडांचा यात संबंधच नाही. हाड ठिसूळ होतं तेव्हा दुखत नाही, सांगत नाही. ते कळतं मोडल्यावर. म्हणून आधी तपासायचं. पाळी लवकर गेली, पिशवी काढली, साधं पडून हाड मोडलं, उंची कमी झाली, आईचा खुबा मोडला होता, अशा बाईनं वाट बघू नये. यंत्राखाली थोडा वेळ पडून राहायचं, बस. किरण अगदी नावापुरते असतात, तेजबीज काही उडत नाही. पोकळ निघालं तर औषध आहे. देवाला जरूर माना. पण जो म्हणतो 'तपासू नका', त्याला आधी तपासा."

एवढं होईपर्यंत महाराजांची गाडी दौंडच्या रस्त्याला लागली होती. ध्यान बहुधा तिकडं करणार होते.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण घरी आल्यावर लंकाबाईनं कडं काढून चुलीमागं टाकलं आणि म्हणाली, "तरी मी नगरला जायची न्हाई."

"आता गं काय?"

लंकाबाईनं चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं. "मशीन म्हणलं पोकळ हाय, तर? आत्याबाईंवानी खाटेवर पडायचं ना शेवटी? कड्यानं निदान चांगलं तरी सांगितलं हुतं. खोटं तर खोटं."

 भागूबाई तिच्याजवळ सरकून बसल्या.

"आत्याबाईंना कुणी आधी तपासलंच न्हाई, लंके. औषध कुठं मिळालं त्यांना?"

"आन तुमी वो?" लंकाबाई एकदम उसळली. "मला सांगताय. दोन वर्सांत परकराला दोनदा टीप घातली तुमी, खाली लोळतो म्हणून. परकर वाढतो व्हय? पाठ बघा आरशात. तुमी मोजलं का कधी?"

भागूबाईंनी परकराचा काठ चाचपला. परकर वाढत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. व्रतवैकल्यं करणाऱ्या बाईचं वाईट होत नाही, अशी त्यांची एक आतली समजूत होती. ती त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती आणि म्हणून कधी तपासलीही नव्हती.

"आधी तुमी जा," लंकाबाई म्हणाली. "तुमचं काय निघतं ते मला खरं सांगा, चांगलं असू द्या न्हाई तर वाईट. मग मी जाईन."

"जाते. खरं सांगते."

"मारुतीची आण?"

"मारुतीची आण."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. भागूबाई रोजच्यापेक्षा लवकर उठल्या. लंकाबाई झोपली होती. तिला न उठवता त्यांनी दार ओढून घेतलं. देवळाशी आल्या तेव्हा वेशीपलीकडं नगरच्या एसटीचे दिवे दिसत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मारुतीला पायरीखालूनच हात जोडले, आणि स्टँडकडं भराभर चालू लागल्या.