शार्कचं पाणी

संघदीपने शार्क जबडा उघडलेल्या अवस्थेतच थांबवला, रिमोटने चित्र मागे नेलं आणि पुन्हा सोडलं. शार्क डावीकडून आला, त्याने जबडा उघडला, पाण्यात लाल रंग पसरला. मग त्याने पिक्चर आणखी मागे नेला, पार होडीतल्या वाढदिवसापर्यंत. तिथेही शार्क डावीकडूनच आला, तेवढाच जबडा उघडला आणि तेवढाच लाल रंग पसरला.

"तोच होय," तो म्हणाला. "तीनदा तोच दाखवला. फक्त खायचा मानूस बदलला."

रंजिता खाटेवर बसली होती. ती पाहुण्यांसाठी काढलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. हातातल्या चादरीची घडी तिने मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

दवनीवाड्याची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, कालच झाली होती. मंडईला घरोघरी पाहुणे येतात, रात्रभर नाटक पाहतात आणि दुसऱ्या दिवशी जेवून आपापल्या गावी परततात. यंदा कुसुमबाईंनी सगळ्यांना दुपारपर्यंत थांबवून घेतलं होतं, कारण लेकीचा पिक्चर दाखवायचा होता. 'खारा खून' नावाचा हा हिंदी पिक्चर एका ॲपवर आला होता आणि त्यातला शार्क रंजिताने कॉम्प्युटरवर बनवला होता. शेवटी तिचं नाव आलं तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गोंदियाच्या मावशीने तर उठून तिची दृष्ट काढली.

संघदीप तेवढा मूग गिळून बसला होता. शेवटचा पाहुणा फाटकाबाहेर पडला आणि त्याने रिमोट हातात घेतला.

त्याने बोलावं म्हणूनच रंजिता हैदराबादहून आली होती. मंडई हे निमित्त. त्याच निर्मात्याला आता 'खारा खून'चा दुसरा भाग काढायचा होता आणि आज संध्याकाळपर्यंत तिचं उत्तर हवं होतं. काल स्टँडवरून घरी येताना, मोटारसायकलवर मागे बसूनच तिने भावाला सांगून टाकलं होतं, "तू पाहून खरं सांग. बरा वाटला तर पुढचा घेईन. नाई तर हे काम सोडून देईन." ती गंमत करत नव्हती. गोंदियातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची नोकरी तिने बोलून ठेवली होती.

टाळ्या वाजवणाऱ्या पाहुण्यांच्या मताला इथे काडीची किंमत नव्हती. जनावरांचे पिक्चर कसे पाहायचे हे तिला संघदीपने शिकवलं होतं. लहानपणी शनिवारी दुपारी दोघं चुन्नीलाल मास्तरांच्या घरी टीव्हीसमोर बसायची. मगरी, अजगर, कोळी, शार्क आणि हिंदीत किंचाळणारे गोरे लोक. ती डोळे झाकायची, तो तिचे हात ओढून खाली घ्यायचा. बारावीनंतर घरदार नर्सिंग नर्सिंग करत असताना तिला नागपूरला ॲनिमेशनच्या क्लासात नेऊन बसवणाराही तोच. स्वतः मात्र तो चौकातल्या दुकानात पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करत राहिला आणि जेवताना मोबाइलवर शार्क पाहत राहिला. स्वस्तातला एकही शार्क त्याने सोडला नव्हता. जवळजवळ प्रत्येकाने त्याच्या तोंडाला पाने पुसली होती, तरी दुसऱ्या दिवशी तो पुढचा लावायचा.

"सांगू का?" त्याने विचारलं.

"सांग."

"पयल्याच मिनिटाले शार्क दाखवून टाकला. मंग पाऊन तास त्या होडीत नवराबायकोचं भांडन. मी भांडन पाहाले बसलो का? ते तं घरीच फुकट भेटते."

"पाव्हने तं चांगला म्हनत होते बाप्पा," आतून कुसुमबाई म्हणाल्या. त्या भांड्यांचा ढीग आवरत होत्या.

"पाव्हने तुह्या हातचं जेवून बसले होते आई. त्याइले नाई म्हनता येते का?"

तो उठून उभा राहिला. एकदा तोंड उघडल्यावर आता त्याला थांबता येत नव्हतं, आणि खरं तर थांबायचंही नव्हतं. कितीतरी वर्षांचं साठलेलं होतं. एका ठिकाणी शार्क एसटीएवढा आणि लगेच पुढे म्हशीएवढा कसा, असं त्याने विचारलं. पोरगी पाण्यात पडली तर केस कोरडे कसे? सगळे मरून राहिले आणि एकालाही धाप लागत नाही, हे कसं? प्रश्नामागून प्रश्न, आणि त्यातला एकही खोटा नव्हता.

"सस्त्यात काढला दादा," रंजिता म्हणाली. "पैसाच नव्हता त्याइच्याजवळ."

"पैशाचं नाव नोको सांगू मले." त्याचा आवाज चढला. "काल नाटकात दोन पोट्ट्याइनं निळं लुगडं हलवून नदी केली. त्यात ते पोरगी बुडाली तं सारा मंडप चूप झाला. तेथं कोनता कॉम्प्युटर होता? गरिबीनं पिक्चर नाई बिघडत. ह्याइले भेव घालाचंच नव्हतं. तो हीरो शार्कले पाहून जोक मारते. म्हंजे बनवनाऱ्याले मालूम हाये का हे रद्दी होय, अन् तो आपल्याले डोळा मारून राहिला. आम्ही येडे हाओ का? मी दिवसभर दुकानात राबतो, ताट समोर घेऊन भेव लागाची वाट पाहातो, अन् हा मलेच हासते."

रागाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पिक्चरसाठी रडणारा माणूस बाहेरच्याला हास्यास्पद वाटला असता. रंजिताला वाटला नाही. एवढा जीव लावून पिक्चर पाहणारं माणूस तिला हैदराबादच्या ॲनिमेशन स्टुडिओच्या अख्ख्या इमारतीत भेटलं नव्हतं.

"अन् तू," तो तिच्याकडे वळला. "तू कशी बसली त्याइच्यात? हा शार्क कागदाचा होय. एवढं जनावर जाऊन राहिलं अन् पानी जसंच्या तसं. पान्याले त्याचा पत्ताच नाई. तुले हे शिकवलं का मी?"

हे शेवटचं तिला लागलं. तिने चादर बाजूला फेकली.

"तू समुद्र पाहिला का?"

"नाई."

"मंग पान्याचं कायले सांगून राहिला?"

"तू पाहिला का?"

"मी बी नाई पाहिला," रंजिता म्हणाली. तिचा आवाज आता त्याच्याइतकाच चढला होता. "नाई पाहिला, म्हनूनच झालं हे सारं. मी बनवलेलं पानी नापास केलं त्याइनं. डायरेक्टर साऱ्याइच्या समोर हासला. म्हने हा समुद्र आहे का गावचा तलाव आहे? लाट कुठे आहे? मंग तयार पानी इकत आनलं, माहा शार्क कापून त्याच्यावर चिकटवला, अन् तोच तीनदा फिरवला. नाव तेवढं माहं ठेवलं. म्हंजे शिव्या मले पडतीन."

आत भांड्यांचा आवाज थांबला. संघदीपने रिमोट टीव्हीवर ठेवला.

"ते नापास झालेलं कोठी हाये?"

रंजिताने बॅगेतून लॅपटॉप काढला, खाटेवर ठेवला आणि उघडून त्याच्याकडे वळवला. स्वतः मात्र दाराकडे तोंड करून उभी राहिली. हसलेल्या माणसांचे चेहरे तिला पुन्हा आठवायचे नव्हते.

पडद्यावर दुपारचं सपाट पाणी होतं, हिरवट, जरा गढूळ. कमरेएवढ्या पाण्यात एक माणूस पाठमोरा उभा होता. बराच वेळ काहीच झालं नाही. मग दूरवर पाणी किंचित फुगलं. फुटलं नाही, फेसही आला नाही. खालून कोणी पाठ लावावी तसं वर आलं आणि पुन्हा बसलं. थोड्या वेळाने एक लहानशी लाट माणसाच्या कमरेपाशी आली आणि त्याचा शर्ट चार बोटं वर भिजला. माणसाने मागे पाहिलं नाही. पाणी पुन्हा सपाट झालं. मग ते त्याच्या अगदी जवळ, दुसऱ्याच बाजूला फुगलं, आणि चित्र तिथे संपलं.

"शार्क कोठी हाये?" संघदीपने विचारलं.

"खाली."

त्याने ते पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

"हे समुद्र नाई," तो म्हणाला.

"तेच तं म्हनला तो डायरेक्टर."

"तलावच होय. आपली बोडी होय हे. म्हैस तळाशी चालते अन् वरतं पानी असंच फुगते."

"तेथूनच घेतलं," रंजिता अजून दाराकडेच पाहत होती. "एवढं मोठं जनावर पान्यात कसं जाते, हे मी दुसरीकडे कोठी पाहिलं? रोज म्हैस धुवाले तं जात होतो आपन."

एवढं दाखवल्यावर तो काहीतरी चांगलं बोलेल, असं तिला वाटलं होतं. तो भडकला.

"मंग हे काऊन नाई दाखवलं पाव्हन्याइले? तो रद्दी माल घरभर दाखवला, अन् हे बॅगेत भरून ठेवलं?"

"नापास झालेलं कोन दाखवते?"

"कोनं केलं नापास? ज्याले भेव कशाले म्हनते ते मालूम नाई, त्यानं." त्याने लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की तिने दचकून मागे पाहिलं.

"मंग काय सांगू त्याइले? घेऊ का सोडू?"

"संघदीप," आतून कुसुमबाईंनी हाक मारली, "भांडन मंग कर. म्हैस कावून राहिली, बोडीवर ने तिले." आणि तो उत्तर न देता तरातरा बाहेर निघून गेला. रंजिता तशीच उभी राहिली. आपल्याला हवं असलेलं एक वाक्य या माणसाकडून काढायचं म्हणजे खडकातून पाणी काढायचं, असं तिला वाटलं. तिला त्याचा मनापासून राग आला. शिव्या द्यायला घटका घटका पुरत नाहीत आणि दोन बरे शब्द बोलायला याची जीभ जड होते.

थोड्या वेळाने निर्मात्याचा फोन आला. तिने तो वाजू दिला, चपला घातल्या आणि बोडीकडे निघाली. सोडून देते म्हणून सांगायचं तिने वाटेतच ठरवलं. फक्त ते भावाच्या तोंडावर सांगायचं होतं.

पावसाळा संपून फार दिवस झाले नव्हते. बोडी काठोकाठ होती. पलीकडे धानाची कापणी सुरू होती आणि संध्याकाळचं ऊन पाण्यावर आडवं आलं होतं. म्हैस मध्यावर गेली होती, नाकपुड्या आणि शिंगं तेवढी वर. संघदीप पाळीवर, काठाच्या बांधावर, उभा होता, हातात म्हशीला घासायची गवताची चुंबळ.

रोज तो लुंगी खोचून छातीभर पाण्यात शिरायचा आणि तिथेच म्हशीला घासायचा. गावात पोहणारा त्याच्यासारखा नव्हता. आज म्हैस केव्हाची आत होती आणि तो तिला पाळीवरून शिव्या देत होता.

"ये ना वं बाहेर. हुर्र. ये म्हनतो ना."

म्हशीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने नाकपुड्या मिटल्या आणि बुडी मारली. पाणी क्षणभर सपाट झालं. मग थोडं अलीकडे ते फुगलं, बसलं, आणि एक लहानशी लाट काठाच्या दगडांपर्यंत आली. संघदीप एक पाऊल मागे सरला.

रंजिता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"पान्यात नाई गेला?"

"पाय दुखून राहिला," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पाणी पुन्हा कुठे फुगतं, इकडे त्याचं लक्ष होतं.

तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही कोरडे होते आणि चपलाही पायांतच होत्या. काल रात्री हाच माणूस मंडईत नाटकाच्या मंडपाबाहेर पाहुण्यांबरोबर तासन् तास उभा होता. तिने फोन काढला आणि निर्मात्याला लावला.

"सर, काम लूँगी," ती म्हणाली. "पर पानी मैं बनाऊँगी. खरीदा हुआ नहीं चलेगा." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. ती ऐकत राहिली. "तालाब दिखता है तो दिखने दीजिए. मंजूर नहीं तो दूसरा ढूँढ लीजिए." तिने फोन बंद केला. मंजूर झालं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

संघदीपने हे सगळं ऐकलं होतं. बरं केलंस, असं तो म्हणाला नाही. तिने फोन त्याच्या हातात दिला, गवताची चुंबळ त्याच्याकडून घेतली, सलवार वर खोचली आणि चपला काढून पाण्यात पाऊल टाकलं.

"दूर नोको जाऊ रंजे," तो पाळीवरून म्हणाला.

पाणी अजून तिच्या घोट्यांपर्यंतच होतं.